चालू दे तुझं

५ जानेवारी

चि. सिस्टरबाईंस अनेक आशीर्वाद.

(वॉर्डात सगळं जग तुला सिस्टर म्हणायचं, पण त्या हाकेवर खरा हक्क माझा एकट्याचा आहे, हे विसरू नकोस.)

चिमे, पुस्तक पूर्ण झालं. हसू नकोस. नाव ठेवलंय 'साक्षीनंतर'. भर सभेत आपल्या नेत्यांवर गोळ्या झाडल्या गेल्या, मारेकरी जागच्या जागी मारला गेला, आयोगाने 'एकट्या माथेफिरूचं कृत्य' म्हणून फाईल बांधून टाकली. आणि मग आयोगापुढे साक्ष दिलेली माणसं एकेक करून जायला लागली. नेत्यांचा मोटारचालक, वर्तमानपत्राचा फोटोग्राफर, साक्षी टाइप करणारी बाई (तिने साक्ष दिली नव्हती, पण ऐकल्या सगळ्या होत्या), मैदानाच्या फाटकावरचा हवालदार, आणि पाचवे माझे मेहुणे, तुझे यजमान.

वजनमापे खात्यात मी जन्मभर दुकानदारांचे तराजू तपासले. त्याच शिस्तीने इथे प्रत्येक संशयाला आण्यांत वजन दिलंय. सोळा आणे म्हणजे सरळ खून. मोटारचालक आठ आणे, टायपिस्ट नऊ, फोटोग्राफर दहा, हवालदार बारा. मेहुणे चौदा.

चौदा का ते सांगतो. सभेचा माईक त्यांच्या दुकानातला. गोळ्यांच्या क्षणभर आधी तो बंद पडला. आयोगाला त्यांनी सांगितलं, कुणाचा तरी पाय लागून प्लग निघाला. कुणाचा पाय? ते त्यांनी सांगितलं नाही, आणि मला वाटतं त्यांना ते ठाऊक होतं. दोन वर्षांनी शाळेच्या स्नेहसंमेलनासाठी हॉलमध्ये वायरिंग करताना ते शॉक लागून गेले. विजेत हयात घालवलेला माणूस विजेने मरतो? त्या वेळी आत कोण होतं? एकटा त्यांच्या दुकानातला भागीदार, पडद्याआड, विजेच्या खटक्यापाशी. आधी मीही होतो. शिडीखाली उभा राहून त्यांना हेच पायाचं विचारत होतो. त्यांनी नेहमीसारखी माझी टर उडवली, मी तणतणत बाहेर पडलो आणि फाटकापाशी पोचतोय तोवर आतून आरडाओरडा. म्हणजे माझ्या बाहेर पडण्याचीच कोणीतरी वाट पाहत होतं. आलं लक्षात?

मुखपृष्ठासाठी त्यांचा तो फोटो पाठव, हातात माईक धरून हसतायत तो. आणि 'माझ्या पतीच्या मृत्यूची फेरचौकशी व्हावी' असं दोन ओळींचं पत्र, सहीनिशी.

तुझा
दादा


११ जानेवारी

ती. दादास सा. न.

तुझं पत्र वाचलं आणि कपाळावर हात मारून घेतला. फोटो मिळणार नाही. सही तर त्याहून नाही.

तू तराजू तपासलेस ते कबूल. मी वॉर्डात जन्म काढला. माणसं कशी मरतात हे निदान मला तरी शिकवू नकोस. तुझा तो मोटारचालक आमच्याच वॉर्डात होता. साखर, रक्तदाब, वर दिवसाला दोन पाकिटं सिगारेट. त्याला मारायला दुसरं कोणी कशाला यायला हवं होतं? तो स्वतःच मनापासून त्या कामाला लागला होता. टायपिस्टबाई ट्रकखाली गेली ती ज्या चौकात, तिथे दर महिन्याला कोणीतरी जातं, आणि त्यांतल्या कुणीही आयोगाचं टायपिंग केलेलं नसतं. फोटोग्राफर म्हणे पट्टीचा पोहणारा, मग बुडाला कसा? अरे, ज्यांना पोहता येत नाही ते पाण्यात उतरतच नाहीत! बुडतो तो पोहणाराच, आणि तोही दोन पेग घेऊन उतरला तर हमखास.

आणि साक्षीदार काय पाचच होते? आयोगापुढे शेकड्यांनी माणसं गेली होती. कुठलीही शेकड्यांनी माणसं घे, काही वर्षांत त्यांतली चारदोन जाणारच. जे गेले त्यांची तू मोजदाद ठेवतोस. जे जगले त्यांची कोण ठेवणार? व्यासपीठाला टेकून उभा असलेला तो फुगेवाला आठवतो? गोळ्या त्याच्या कानाजवळून गेल्या. त्याच्याएवढं कोणीच पाहिलं नसेल. परवा बाजारात भेटला, ठणठणीत आहे, तिसरं लग्न केलंय. त्याला तुझ्या मारेकऱ्यांनी का सोडलं?

मुख्य म्हणजे, ज्याला माणसाचं तोंड बंद करायचंय तो साक्षीच्या आधी करेल की साक्ष देऊन झाल्यावर दोन वर्षांनी?

एकच मृत्यू माझ्याही घशाखाली उतरत नाही, तो हवालदाराचा. गोळ्या दोन बाजूंनी आल्या असं तो सांगत होता, त्याची तेवढी साक्ष अहवालातून वगळली, आणि नंतर तो गच्चीवरून पडला. त्या गच्चीचा कठडा छातीएवढा आहे, मी पाहिलाय. त्याच्या बायकोला मी ओळखते. तिला आजपर्यंत शवविच्छेदनाचा कागद मिळालेला नाही. तिथे खरोखर काहीतरी पाणी मुरतंय. आणि त्याला तू बारा आणे देतोस आणि ह्यांना चौदा! दादा, खऱ्या नाण्याबरोबर चार खोटी नाणी ओतलीस की दुकानदार सगळी मूठच परत करतो. हे तुला मी सांगायचं?

ह्यांचं म्हणशील तर ते मी तेव्हाच इन्स्पेक्टरला सांगितलं होतं. ह्यांना टेस्टर न वापरता उलट्या हाताने वायरला शिवून बघायची खोड होती. मी सतरांदा बजावलं होतं. त्या खोडीने गेले. ह्यात पाय नाही आणि प्लग नाही.

तुझी
चिमी


२४ जानेवारी

चि. चिमीस आशीर्वाद.

तुझ्या पत्राने मी नाराज झालो नाही, उलट कामालाच लागलो. फुगेवाल्याचा मुद्दा बरा आहे. मोटारचालकाला चार आण्यांवर आणलं. टायपिस्टबाईला सोडून दिलं.

पण मेहुण्यांचं वजन वाढलं, आणि ते तुझ्यामुळेच. उलट्या हाताने वायरला शिवलं तर हात झटक्याने मागे फेकला जातो, म्हणून तर जुने कारागीर तसं करतात. पकडून ठेवते ती मूठ. आणि त्यांचा भाजल्याचा डाग तळहातावर होता. मी माझ्या डोळ्यांनी पाहिलाय. म्हणजे त्यांनी उघडी वायर सरळ मुठीत धरली होती. असं माणूस कधी करतो? वीज बंद आहे याची पक्की खात्री असते तेव्हाच. मग ती चालू झाली. खटक्यापाशी कोण होतं ते तुला माहीत आहे.

काल मी मुद्दाम तुमच्या गावी त्यांच्या दुकानात जाऊन आलो (तुझ्याकडे आलो नाही, तू अडवलं असतंस). भागीदार काउंटरवर एक स्पीकर उघडून बसला होता. मला पाहून उठायला लागला. मी साधेपणाने म्हटलं, "बसा हो, तुमचं काम चालू दे." चिमे, त्याच्या हातातली पक्कड खाली पडली. माणूस काळाठिक्कर पडला. नंतर म्हणाला, "दादा, या दुकानात ते म्हणू नका." काय म्हणू नका? काम करा म्हणायचं नाही?

आणखी ऐक. विजेचं काम करताना तिथे हल्ली कोणी तोंडाने बोलत नाही. वर चढलेला माणूस शिट्टी वाजवतो, दोनदा, मग खालचा खटका दाबतो. सगळ्या कारागिरांच्या गळ्यात शिट्ट्या! ही कसली सांकेतिक भाषा? ज्याच्या मनात काही नाही तो माणूस साध्या शब्दाला भितो का?

मी त्याच्यावर पंधरा आणे ठेवलेत. पुस्तकातलं ते प्रकरण साप्ताहिकाच्या संपादकांनी मागितलं होतं, देऊन आलो.

दादा


६ फेब्रुवारी

दादा,

साप्ताहिक इथपर्यंत आलं. नाव घातलं नाहीस म्हणून स्वतःची पाठ थोपटून घेत असशील. 'मयताचा भागीदार' असं लिहिल्यावर नाव कशाला लागतं? ह्यांना एकच भागीदार होता.

परवा सकाळी त्यांच्या शटरवर कोणीतरी रंगाने 'खुनी' लिहून गेलं. त्यांनी स्वतः रॉकेल आणि फडकं घेऊन पुसलं. मी गेले तेव्हा पुसतच होते, आणि मलाच म्हणाले, "वहिनी, तुम्ही कशाला आलात, लोक तुम्हालाही बोलतील." शाळेने या वर्षीचं काम काढून घेतलं. त्यांच्या सुनेला ऑफिसात विचारतात, तुझ्या सासऱ्यांनी किती घेतले म्हणून. आणि ते तोंडातून ब्र काढत नाहीत. मी म्हटलं, साप्ताहिकाला उत्तर लिहा. म्हणाले, नको.

ह्यांच्या पश्चात दुकानातला माझा वाटा ज्यांनी न मागता दर महिन्याला घरी आणून दिला, त्यांच्याबद्दल तू हे लिहिलंस.

ते प्रकरण काढून टाक. कारण विचारू नकोस. तुझ्याकडे मी आजवर काही मागितलेलं नाही, आता मागते आहे. बाकीचं पुस्तक तुला हवं तसं काढ, हवालदाराचं काढ, मी स्वतः त्याच्या बायकोची गाठ घालून देते. पण ह्यांना त्यातून वगळ.

चिमी


१२ फेब्रुवारी

चि. चिमी,

'कारण विचारू नकोस.' हे वाक्य मी दुकानदारांकडून जन्मभर ऐकलं. ज्या वजनाला खालून भोक पाडून शिसं काढलेलं असायचं, नेमकं तेच वजन उचलताना ते म्हणायचे, साहेब, ते राहू द्या.

शटरचं वाईट झालं. ते मी लिहायला सांगितलं नव्हतं. पण निर्दोष माणूस उत्तर देतो, गप्प राहून रंग पुसत बसत नाही. आणि दर महिन्याला न मागता वाटा? चिमे, डोळे उघड. त्याला काय म्हणतात ते तुला कळत नाही का?

तुला कोणी धमकावलंय का? खरं सांग. त्या दिवसाचं काहीतरी लपवलं जातंय आणि तुलाही ते माहीत आहे, हे आता मला तुझ्या अक्षरावरून दिसतं. घाबरू नकोस. मी आहे. मेहुण्यांनी माझी कितीही टर उडवली असली तरी त्या घरात माझं बोलणं शेवटपर्यंत ऐकून घेणारे ते एकटेच होते. त्यांना न्याय मिळाल्याशिवाय मी स्वस्थ बसणार नाही.

महिनाअखेर पुस्तक छापायला जातं. भागीदाराचं नाव घालतोय. सोळा आणे.

दादा


१७ फेब्रुवारी

ती. दादास,

तुझ्यापुढे हात टेकले. हे पत्र मी मरेपर्यंत लिहिणार नव्हते. तू ते माझ्याकडून लिहवून घेतलंस, म्हणून मला आत्ता तुझा इतका राग येतोय की पेन कागदातून आरपार जातंय.

तुझा संशय खरा आहे. त्या दिवसाचं काहीतरी लपवलं गेलं. लपवणारी मी आहे.

दुकानाचा नियम ह्यांनीच घातलेला होता. वर चढलेल्या माणसाने 'चालू दे' असं ओरडून सांगितल्याशिवाय खालच्याने खटक्याला हात लावायचा नाही. त्या दिवशी हे शिडीवर होते, दोन्ही वायरींची टोकं सोलून हातात धरलेली. भागीदार पडद्याआड खटक्यापाशी. त्यांना तिथून काही दिसत नव्हतं, नुसतं ऐकू येत होतं. आणि शिडीखाली तू. प्लग, पाय, कुणाचा पाय, कोणी पाठवलेला पाय. तू थांबेनास. मग हे काय म्हणाले? आठव. तुला रोज म्हणायचे तेच म्हणाले. आपण जेवायला बसलो आणि तू सुरू झालास की हसत काय म्हणायचे?

"चालू दे, चालू दे तुझं!"

तू चिडून बाहेर गेलास. भागीदारांनी खटका दाबला.

दिवा लागला नाही म्हणून ते बघायला पुढे आले, तेव्हा त्यांना कळलं. तो आरडाओरडा त्यांचा होता. तोवर तू फाटकापाशी पोचला होतास. तुझ्या जाण्याची कोणीही वाट पाहत नव्हतं, दादा.

दवाखान्यात ते भिंतीला टेकून उभे होते. मला म्हणाले, "वहिनी, चालू दे म्हणाले म्हणून मी दाबला." आणि थोड्या वेळाने, "दादांशी बोलत होते ते." तेव्हा तू समोरच्या बाकावर लहान मुलासारखा हमसून रडत होतास. आई गेल्यावर माझ्या वेण्या घालायला शिकलास तो तू. मी भागीदारांना तिथेच शपथ घातली, की दादाला हे कधी कळता कामा नये. तो यातून उठणार नाही. त्यांनी नुसती मान हलवली.

मग इन्स्पेक्टर आला आणि उलट्या हाताची गोष्ट मी त्याला जागच्या जागी रचून सांगितली. कुणालाही साधा चटका बसू न देणाऱ्या माणसाला मी कागदोपत्री निष्काळजी ठरवलं. तुझ्यासाठी. आणि भागीदार इतकी वर्षं गप्प राहिले, शटर पुसतानाही गप्प राहिले, तेही तुझ्यासाठी. त्या दुकानात 'चालू दे' कोणी म्हणत नाही आणि सगळ्यांच्या गळ्यात शिट्ट्या आहेत, त्याचं कारण हे. तू त्यात कट पाहिलास!

मी तुला दोष देत नाही. नाही, देते. थोडा देते. ह्यांच्या मरणाचा नाही, त्यानंतरचा. एक माणूस गेला तर तू एकदा तरी असं म्हणायला हवं होतंस की माणसं नुसती जातातसुद्धा. तुला कुणाचा तरी हात दिसल्याशिवाय चैन पडलं नाही. आता दिसला?

आता काढ तुझा तराजू आणि ही हकीकत किती आण्यांची ते सांग.

चिमी


१० मार्च

दादा, पुस्तक आलं नाही आणि तुझं पत्रही नाही. रागाव, शिव्या घाल, पण लिही. शेजारच्या मास्तरांना फोन केला, ते म्हणाले सकाळी बाहेर पडतोस आणि तिन्हीसांजेला येतोस. कुठे जातोस? जेवतोस ना? उत्तर आलं नाही तर मी येऊन राहीन, आणि माझ्या हातचा चहा तुला आवडत नाही हे लक्षात ठेव.

चिमी


१९ मार्च

चि. चिमीस,

चहा चालेल. ये.

तुझं पत्र आलं तेव्हा पहिले काही दिवस मी काय केलं ते सांगतो, कारण खोटं सांगून आता काही फायदा नाही. मी त्यात भोकं शोधली. भागीदाराने तुला बनवलं असेल. तू मला गप्प करायला रचलं असशील. एकदा तू रचलेलं आहेसच. ह्या सगळ्याचं वजन करत बसलो, आणि खरं सांगायचं तर मला ते खोटं निघायला हवं होतं. माझ्या बाकीच्या प्रकरणांत मला प्रत्येक गोष्ट खरी निघायला हवी असायची. तिथेच मला माझ्या तराजूची दांडी कुठे वाकलीय ते कळलं.

मग हॉलवर गेलो. तिथल्या व्यवस्थापक बाईंना वाटलं, म्हाताऱ्याचं डोकं फिरलंय. त्यांना शिडीच्या जागी उभं केलं आणि मी पडद्याआड खटक्यापाशी उभा राहिलो. म्हटलं, "एकच वाक्य म्हणा. माझ्याकडे न बघता, खाली उभ्या असलेल्या माणसाकडे बघत, हसत म्हणा." बिचाऱ्या म्हणाल्या. पुन्हा म्हणाल्या. दुसऱ्या दिवशी पुन्हा गेलो, तेव्हा त्यांनी शिपायाला म्हणायला लावलं. पडदा ओढून, पडदा सोडून, दारं उघडी ठेवून, बंद करून, सगळ्या तऱ्हांनी ऐकलं.

चिमे, तिथे 'चालू दे' स्पष्ट ऐकू येतं. 'तुझं' ऐकू येत नाही. ते पडद्यात विरून जातं. एकदाही आलं नाही.

काल दुकानात गेलो. भागीदारांनी स्टूल पुढे केलं आणि पुन्हा स्पीकरकडे वळले. मी काय काय पाठ करून गेलो होतो, पण आधी तेच म्हणाले, "तुम्हाला कळलं वाटतं." मी मान हलवली. मग हातातलं काम न थांबवता म्हणाले, "त्यांच्या आवाजात हसू होतं, दादा. मला ते ऐकू आलं होतं असं वाटतं. 'तुझं' म्हणाले तेही ऐकलं असणार. तरी माझा हात गेला. रोज वाटतं, ऐकलं असणार."

म्हणजे इतकी वर्षं हा माणूस स्वतःवर माझ्यापेक्षा जास्त आणे ठेवून बसला होता.

मी त्यांना हॉलचं सांगितलं. पडदा, दारं, शिपाई, सगळं. म्हटलं, "तुम्हाला 'तुझं' ऐकू येणं शक्यच नव्हतं. मी तिथे उभा राहून ऐकलंय." त्यांनी पक्कड खाली ठेवली. चष्मा काढला. एवढंच विचारलं, "नक्की?"

"सोळा आणे," मी म्हणालो.

ते रडले. मीही रडलो, तुला माहीत आहे मला त्यात वेळ लागत नाही. पडद्यापलीकडे न पोचलेला तो शब्द मला उद्देशून होता, तो आता माझ्यापाशीच राहणार, त्याला इलाज नाही. त्याबद्दल तू मला काही समजावू नकोस.

साप्ताहिकात माझी चूक माझ्या नावानिशी छापून येते आहे. ती मी शाळेतही नेऊन देणार आहे. पुस्तकात आता एकच प्रकरण आहे, हवालदाराचं, आणि त्याला मी अजून वजन दिलेलं नाही. आधी त्याच्या बायकोला भेटायचंय. येशील तेव्हा तिच्याकडे घेऊन चल.

आणि मेहुण्यांचा तो फोटो आण. छापायला नको आहे.

तुझा
दादा